ट्रॉली मागं घेताना मागं कोण आहे?



गेले दोन महिने मी या पेजवर काही टाकलं नाही. काहींनी फोन करून विचारलं, आबा आजारी आहात का. आजारी नव्हतो. एक गोष्ट घडली होती, ती लिहावी का नको हे ठरत नव्हतं. चूक माझी होती म्हणून लिहायला जड जात होतं. आता हंगाम संपला, टोळी गावाकडं गेली. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी हे सांगितलं पाहिजे असं वाटलं. ज्याच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यानं शेवटपर्यंत वाचा.

आमचं शेत मांजरी बुद्रुकला. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं. बांधाच्या एका बाजूला उंच इमारती आणि दुसऱ्या बाजूला बेबी कॅनॉलच्या पाण्यावरचा आमचा ऊस, अशी सध्याची परिस्थिती. थेऊरचा कारखाना बंद पडल्यापासून ऊस लांब जातो. त्यामुळं ट्रॉली वेळेत भरून बाहेर काढायची घाई कायम असते.

फेब्रुवारीतली गोष्ट. ८६०३२ चा खोडवा, अडीच एकर. तोडीला बीडकडची आठ कोयत्यांची टोळी. दुपारचे दीड वाजले होते. एक ट्रॉली भरून बांधाला उभी होती आणि दुसरी, मोकळी, तोडलेल्या पट्ट्यात साठ-सत्तर फूट मागं घ्यायची होती. ड्रायव्हर पोरगा जेवायला बसला होता. म्हटलं बसू दे, मीच घेतो. पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, त्यात विशेष काय.

ड्रायव्हरचा टेप चालूच होता. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा टेप किती मोठा असतो ते तुम्हाला माहीत आहे. मान वळवून मागं बघितलं तर ट्रॉलीचा फळका आणि त्याच्यावर आभाळ, एवढंच दिसत होतं. रिव्हर्स टाकला आणि हळूहळू घ्यायला लागलो. बाजूला मोळ्या बांधणाऱ्या दोन बाया हात हलवताना दिसल्या. मला वाटलं ‘या, या’ म्हणतायत. मी घेत राहिलो. मग त्यातली एक हातातला कोयता टाकून पळत माझ्या अंगावरच आली, चाकाच्या पुढं. तेव्हा मी क्लच-ब्रेक दाबला.

टेप बंद केला. खाली उतरून मागं गेलो. ट्रॉलीच्या उजव्या चाकापासून साडेतीन-चार फुटांवर, मोळ्यांच्या सावलीला, पाचटावर गोधडीत एक लेकरू झोपलेलं होतं. आठ-नऊ महिन्यांचं असेल. गोधडी जुनी, उन्हानं रंग गेलेली. पाचट कुठलं आणि गोधडी कुठली हे दहा पावलांवरून मलाही कळलं नसतं. त्या पट्ट्यात झाड नाही. झाड असतं तर झोळी बांधली असती. सावली म्हणून मोळ्यांच्या आडोशाला ठेवलं होतं.

ती माऊली मला एक शब्द बोलली नाही. लेकरू उचललं, छातीशी धरलं, दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं आणि परत मोळी बांधायला लागली. संध्याकाळच्या आत ट्रॉली भरायची होती ना. मुकादम म्हणाला, “जाऊ द्या आबा, काही झालं नाही ना.” माझे मात्र पाय थरथरत होते. घरी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी थोरल्या मुलाला सांगितलं. तो चाकणला कंपनीत आहे. तो म्हणाला, “आबा, आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला मागचा सेन्सर सक्तीचा आहे. मागं काही असलं की टूं टूं वाजतं. ट्रॉलीला का नाही बसवायचा?” मला पटलं. चार माणसं बसायच्या गाडीला सेन्सर आहे, आणि शेतात माणसांच्या गर्दीत मागं येणाऱ्या ट्रॉलीला आरसासुद्धा नाही. रविवारी दोघं नाना पेठेत गेलो आणि मोटारीला लावतात तो संच आणला. चार गोल सेन्सर, एक डबी, एक बझर. हजार रुपयांच्या आत आला.

हा सेन्सर कसा चालतो ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वटवाघूळ जे करतं तेच हा करतो. आपल्या कानाला ऐकू येत नाही असा बारीक आवाज सोडतो, सेकंदाला साधारण चाळीस हजार कंपनांचा. आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. वस्तू दोन मीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळावरून डबी अंतर काढते. म्हणजे हा डोळा नाही, कान आहे. प्रतिध्वनी परत आला तरच त्याला कळणार.

पहिली चूक आम्ही ही केली, की सेन्सर ट्रॅक्टरच्या मागं लावला. रिव्हर्स टाकला की वाजायला लागायचा आणि थांबायचाच नाही. कारण उघड आहे, त्याला पहिली दिसते ती आपलीच ट्रॉली! मोटारीचं आणि आपलं हेच वेगळं. आपलं अवजार मागं जोडलेलं असतं, त्यामुळं कान शेवटच्या अवजाराच्या शेपटीला पाहिजे. मग ट्रॉलीच्या मागच्या आडव्या चॅनलला भोकं पाडून सेन्सर आत दाबून बसवले, म्हणजे मोळी लागून फुटणार नाहीत. डबी ट्रॉलीलाच, प्लॅस्टिकच्या बरणीत घालून बांधली. संचाची वायर आखूड होती, आपल्याला ड्रायव्हरपर्यंत पंचवीस फूट लागली. ट्रॉली रोज सुटते आणि जोडली जाते, म्हणून मध्ये प्लग दिला. मोटारीत सेन्सरला करंट रिव्हर्सच्या दिव्यातून मिळतो. माझ्या जुन्या ट्रॅक्टरला तो दिवाच नाही. मग गिअरच्या दांडीजवळ एक बटण बसवलं, रिव्हर्स पडला की दाबलं जाईल असं. बझरचा आवाज डिझेल इंजिनापुढं काहीच नाही, म्हणून जोडीला लाल दिवा डॅशबोर्डवर आणला.

हे सगळं जमल्यावर घरच्या अंगणात चाचणी घेतली. सेन्सर जमिनीपासून अडीच फुटांवर होते. आम्हाला जे आढळलं ते असं:

१) भिंत: सहा फुटांवरच वाजला. एकदम चोख.

२) उभा माणूस: पाच फुटांवर वाजला. तोच माणूस घोंगडी पांघरून उभा केला तर तीन-साडेतीन फुटांवर.

३) विजेच्या खांबाचा ताण: वाजलाच नाही. तार बारीक आणि तिरकी, आवाज भलतीकडं निघून जातो.

४) बांधावरचा फूटभर उंच दगड: नाही वाजला. आवाजाचा झोत त्याच्या डोक्यावरून गेला.

५) उसाच्या मोळ्या: कधी वाजला, कधी नाही.

६) शेवटची चाचणी मी मुद्दाम केली. आठ किलो गहू पोत्यात भरला, घरातल्या जुन्या गोधडीत गुंडाळला आणि ते गाठोडं ट्रॉलीच्या मागं जमिनीवर ठेवलं. मुलगा ट्रॅक्टरवर होता. मी बाजूला उभा. ट्रॉली मागं आली. पाच फूट, तीन फूट, एक फूट. बझर गप्प. चाक गाठोड्याला टेकलं तेव्हा मीच ओरडलो.

त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्याच्यासाठी हजार रुपये आणि दोन रविवार घातले, नेमकं तेच त्याला दिसत नव्हतं. कारणं दोन. एक म्हणजे गाठोडं खाली आणि कान वर. दुसरं म्हणजे गोधडी मऊ. मऊ कापूस आवाज पिऊन टाकतो, परत पाठवत नाही.

मुलगा म्हणाला, खाली घेऊ. एक पट्टी वेल्डिंग करून सेन्सर सव्वा फुटावर आणले. आता गाठोडं दोन फुटांवर आलं की कधी कधी वाजायला लागला. पण शेतात गेल्यावर दुसरंच दुखणं. सरी-वरंबा आला की वाजतो, पाचटाचा ढीग आला की वाजतो, चॅनलला एक वाढं लोंबलं तरी वाजतो. चिखल उडून सेन्सरच्या तोंडावर बसला की वेगळाच वाजतो. तिसऱ्या दिवशी बघतो तर ड्रायव्हरनं प्लग काढून ठेवलेला. विचारलं तर म्हणाला, “आबा, ते सारखंच बोंबलतंय. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, लक्ष कुणाकडं द्यायचं?”

मी त्याला रागावलो नाही. लांडगा आला रे आला ची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. वर लावला तर लेकरू दिसत नाही, खाली लावला तर इतका ओरडतो की माणूस त्याचं ऐकणंच सोडतो. शेतातल्या इशारा यंत्राची खरी अडचण ही आहे. डांबरी पार्किंगमध्ये जमीन सपाट असते, म्हणून मोटारीत तो चालतो. आपल्याकडं जमीनच अडथळा आहे.

अजून एक हिशोब बघा. ताशी चार किलोमीटर म्हणजे माणसाच्या चालीनं ट्रॉली मागं येत असली तरी ती सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त सरकते. सेन्सरनं दोन मीटरवर सांगितलं तर आपल्या हातात दोन सेकंदसुद्धा नाहीत. त्यातला एक सेकंद ऐकून पाय हलवण्यात जातो. म्हणून सेन्सर असो वा नसो, रिव्हर्स हा खालच्या गिअरमध्ये, गोगलगायीसारखाच घ्यायला पाहिजे.

मग मी जगात इतर ठिकाणी काय करतात ते मुलाकडून मोबाईलवर शोधून घेतलं. त्यात जर्मनीची गोष्ट मला फार लागली. तिकडं मे-जूनमध्ये गवताची कापणी होते. त्याच दिवसांत हरणाची जात असलेल्या एका जनावराची पाडसं जन्मतात आणि आई त्यांना उंच गवतात लपवून चरायला जाते. यंत्राचा आवाज आला तरी पाडस पळत नाही, जमिनीला चिकटून निपचित पडून राहतं. निसर्गानं त्याला तसंच शिकवलंय. यंत्रावरच्या माणसाला ते दिसत नाही. म्हणून तिथले शेतकरी आणि गावातली माणसं कापणीच्या दिवशी पहाटे ड्रोन उडवतात. ड्रोनला उष्णता बघणारा कॅमेरा असतो. पहाटे गवत गार असतं आणि पाडसाचं अंग गरम, त्यामुळं पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो. माणसं जाऊन पाडसाला गवतात धरून बाजूला नेतात, टोपलीखाली ठेवतात, आणि मग यंत्र शेतात येतं.

आपल्या जिल्ह्यातही याच्यासारखं आहे. जुन्नरकडं ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात. तेव्हा तोड थांबवून वनखात्याला कळवतात आणि पिल्लं आईकडं परत जातील अशी व्यवस्था केली जाते. बिबट्याच्या पिल्लासाठी आपण तोड थांबवतो. मला माझीच लाज वाटली.

आता हा उष्णतेचा कॅमेरा आपल्या ट्रॉलीला लावता येईल का? किंमत तर आहेच, पण दुसरी अडचण मोठी आहे. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी आपलं वाळलेलं पाचट माणसाच्या अंगाइतकं, कधी त्याहून जास्त तापतं. मग लेकरू आणि पाचट कॅमेऱ्याला सारखंच दिसणार. जर्मनीतली पहाट आपल्या दुपारच्या ट्रॉलीला कशी लागू पडेल? साधा मागचा कॅमेरा मात्र उपयोगी आहे. पडदा बघून माणूस स्वतः ठरवतो, खोटा आवाज होत नाही. फक्त त्याची काच दर खेपेला पुसावी लागते, आणि पाचटाच्या रंगाची गोधडी त्यातही चटकन दिसेल असं मी म्हणणार नाही.

जर्मनीच्या गोष्टीतून मी एक शिकलो. तिथं शोध यंत्र चालू व्हायच्या आधी होतो. यंत्र चालताना नाही.

जुन्या लोकांना मळणी यंत्र आठवत असेल. पेंढी सारता सारता किती जणांचे हात गेले. शेवटी १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा आला, तो मुख्यतः मळणी यंत्रासाठीच होता. त्यात उपाय काय होता, तर पेंढी आत सारायचं पत्र्याचं तोंड इतकं लांब आणि झाकलेलं करायचं की हात पात्यापर्यंत पोचायलाच नको. हात आत गेला की घंटा वाजेल, असं यंत्र कुणी केलं नाही. हात आणि पातं एकमेकांजवळ येणारच नाहीत अशी जागा केली. आपल्या ट्रॉलीलाही तेच लागू होतं. लेकरू आणि चाक एका पट्ट्यात यायलाच नको.

म्हणून उरलेल्या तोडीत मी काय केलं ते सांगतो.

पहिलं, ट्रॉली शेतात यायच्या आधी लेकरांची जागा ठरवायची. चार बांबू आणि शेडनेटचा जुना तुकडा घेऊन बांधाच्या कडेला, ट्रॉली वळते त्याच्या उलट्या बाजूला, मांडव घातला. दोन झोळ्या बांधल्या. पाण्याचा माठ तिथंच. नेट घरचीच होती, बांबू आणि सुतळीचे साडेतीनशे रुपये गेले. तोड पुढं सरकली की मांडवही उचलून पुढं. टोळीतल्या एका म्हातारीला लेकरांजवळ बसवलं आणि तिची हजेरी मी दिली. मुकादम आधी हसला. दुसऱ्या दिवशी स्वतःच मांडव हलवायला आला.

दुसरं, रिव्हर्स घेताना टेप बंद. याच्यावर चर्चा नाही.

तिसरं, खाली एक माणूस, त्याच्या गळ्यात शिट्टी. हाताच्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, कारण ‘थांबा’ आणि ‘या’ लांबून सारखंच दिसतं. माझं तेच झालं. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा. दुसरी कुठली शिट्टीच नाही, म्हणजे गोंधळ नाही. आणि तो माणूस ड्रायव्हरला दिसेनासा झाला की ट्रॉली जागेवर उभी करायची.

चौथं, रिव्हर्सच्या आधी ड्रायव्हरनं खाली उतरून ट्रॉलीला एक फेरी मारायची. लेकरू, पाण्याची कळशी, जेवणाचं गठुडं, विजेचा ताण, सगळं त्या फेरीत दिसतं. एक मिनिट लागतं.

पाचवं, सेन्सर काढून टाकला नाही. परत अडीच फुटांवर बसवला. उभा माणूस, भिंत, दुसरी ट्रॉली, खांब याला तो चांगला आहे. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये पिन लावायला माणूस उभा असतो, त्याच्यासाठी तर फारच. पण ड्रायव्हरला स्पष्ट सांगितलं आहे: तो वाजला तर थांबायचं, आणि वाजला नाही म्हणजे मागं कोणी नाही असं समजायचं नाही.

जाता जाता रस्त्याचंही सांगतो. शेतात अडथळा ट्रॉलीच्या मागं असतो, रात्री सोलापूर रस्त्यावर ट्रॉली स्वतःच अडथळा असते. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला बाहेर आलेली वाढी आणि विझलेली ट्रॉली दिसत नाही. मागच्या फळक्याला लाल चमकती पट्टी लावा, वाढ्यांनी ती झाकली जात नाही ना ते बघा, आणि चिखल पुसून मगच रस्त्याला लागा. त्याला ना वायर लागते ना बॅटरी.

या पेजवर कृषी खात्यातले आणि कॉलेजातले बरेच साहेब लोक वाचतात, त्यांना एक विनंती. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, आमच्या मांजरीतच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यातच आहे. हे सगळं माझ्या शेतापासून तासा-दोन तासांच्या आत. वरंबा, पाचट आणि जमिनीवर झोपलेलं लेकरू यातला फरक ओळखेल, धूळ-चिखलात टिकेल आणि रोज सुटणाऱ्या-जोडणाऱ्या ट्रॉलीला बसेल असं काही बनवता आलं तर बघा. चाचणीला माझं शेत आणि ट्रॉली फुकट. भिंतीवर चाचणी घेऊ नका, गोधडीतल्या गाठोड्यावर घ्या.

टोळी एप्रिलमध्ये गेली. जाताना ती माऊली बायकोला भेटायला घरी आली होती. लेकरू आता उभं राहायला लागलंय, आमच्या ओट्याला धरून दोन पावलं टाकली. बायकोनं त्याला अंगडं दिलं. मी समोर बसलो होतो, पण माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. माफी मागायची होती ती राहिली. दिवाळीनंतर टोळी परत येईल तेव्हा मागेन. मांडवाचे बांबू आणि नेट गोठ्याच्या माळ्यावर नीट बांधून ठेवले आहेत.

तुमच्याकडं ट्रॉलीला, टँकरला किंवा दुसऱ्या ओढायच्या अवजाराला कुणी काही वेगळं बसवलं असेल, चाललं असेल किंवा फसलं असेल, तर जरूर कळवा. फसलेलं आधी सांगा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

जय किसान.